बीपीटीच्या जमिनीवर घरं होऊ द्यावीत का? आमच्या बैठकीत नक्की काय मागायचं?

गोदीवाल्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा, खरंच मदत हवी आहे.

मी शिवडीचा, रेल्वेलाईनच्या पूर्वेकडचा, म्हणजे बीपीटीच्या, बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या हद्दीतला. (आता नाव मुंबई पोर्ट अथॉरिटी झालंय पण आमच्याकडे अजून सगळे बीपीटीच म्हणतात.) आजोबा गोदीत ओझी वाहायचे, बाबा गोदीत क्रेनवर होते, त्यांच्या लहानपणी घरात सगळं बोलणं जहाज कधी लागलं आणि ओव्हरटाइम किती झाला याच्यावरच चालायचं. मग १९८९ ला खाडीपलीकडे न्हावा शेवाचं नवं बंदर सुरू झालं, कंटेनर हळूहळू तिकडे गेले आणि इकडची गोदामं एकेक करून कुलूपबंद होत गेली. आज रे रोडपासून शिवडीपर्यंत चालत गेलात तर निम्म्या रस्त्यावर नुसत्या भिंती, ट्रक आणि गंजलेली गेटं दिसतात, आणि त्या भिंतींच्या मधल्या फटीत आमच्यासारखी हजारो घरं.

पुढच्या रविवारी आमच्या मंडळाची बैठक आहे. विषय एकच, या किनाऱ्याच्या जमिनीचा वापर बदलून तिथे घरं होऊ द्यायची का, आणि द्यायची तर आपण एकत्र येऊन काय मागायचं. २०१८ च्या शेवटी बीपीटीचा मसुदा आराखडा आला होता तेव्हा आमच्याकडून कोणी नीट हरकती-सूचना दिल्याच नाहीत, कारण कोणाला तो नकाशा वाचताच आला नाही. हे परत होऊ द्यायचं नाहीये.

पण आमच्यातच एकमत नाही. माझा मोठा भाऊ म्हणतो टॉवर येऊ देत, त्याशिवाय आपल्याला आत संडास असलेलं घर या जन्मात मिळणार नाही. आत्या करी रोडला राहते, ती म्हणते आमच्या गिरण्यांचं काय झालं ते बघितलं ना, एक इंच देऊ नका. गल्लीतली कॉलेजची पोरं म्हणतात फ्लेमिंगो येतात ती चिखलाची जागा आणि सगळा किनारा मोकळाच ठेवा. मला तिघांचंही पटतं आणि म्हणूनच रात्रभर झोप लागत नाही, कारण बैठकीत बोलायला मलाच उभं केलंय.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सांगा. काय मागावं?

---

रेखांकन

दादा, प्रश्न फार चांगल्या ठिकाणाहून विचारला आहेत. मी वीसेक वर्षं नगररचनेच्या कामात होते, पूर्व किनाऱ्याचे नकाशे बरेच हाताळलेत, त्यामुळे आधी जमीन कोणाच्या हातात आहे तिथून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

पोर्ट ट्रस्टकडे मुंबईत साधारण १,८०० एकर जमीन आहे, ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत पसरलेली, म्हणजे एवढ्या शहरात एकाच सार्वजनिक संस्थेच्या हातात असलेला सगळ्यात मोठ्या पट्ट्यांपैकी एक. पोर्ट ट्रस्ट स्थापन झालं १८७३ मध्ये, आणि यातली पुष्कळ जमीन समुद्रात भर टाकून तयार केलेली आहे, लोकांच्या पैशातून, बंदरासाठी. ती कोणाच्या वाडवडिलांची नाही, कुठल्या कंपनीची नाही. हे वाक्य बैठकीत सगळ्यात आधी बोला.

२०१४ मध्ये केंद्राने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, या जमिनीचं काय करायचं ते ठरवायला. मग २०१८ मध्ये राज्य सरकारने पोर्ट ट्रस्टलाच या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण केलं, सुमारे ९६६ हेक्टरसाठी. याचा अर्थ नीट समजून घ्या. महापालिकेचा २०३४ चा विकास आराखडा आहे, त्यात हा पट्टा नाही. इथे जमिनीचा मालक आणि नकाशा रंगवणारा एकच. कुठे घरं, कुठे ऑफिसं, कुठे बाग हे मालक ठरवणार, पण पाणी, गटार, शाळा, दवाखाना, अग्निशमन हे सगळं मात्र शेवटी महापालिकेच्याच गळ्यात येणार. असं असलं की नकाशावर घरं वाढवताना कोणाचा हात आखडत नाही, कारण त्या घरांना नळ जोडायची जबाबदारी रंगवणाऱ्याची नसते.

आता एक हिशोब देते, तो वहीत उतरवून घ्या. समजा घरांसाठी फक्त १०० हेक्टर जमीन काढली, आणि हेक्टरी ४०० घरं धरली, मुंबईत हे काही जास्त नाही. झाली ४०,००० घरं. घरात चार माणसं धरली तर १,६०,००० माणसं. महापालिकेच्या स्वतःच्या आराखड्यात माणशी ४ चौरस मीटर मोकळी जागा देण्याचं उद्दिष्ट आहे. गुणाकार करा, ६४ हेक्टर होतात. म्हणजे १०० हेक्टरवर घरं बांधलीत तर फक्त त्याच नव्या माणसांसाठी ६४ हेक्टर मोकळी ठेवावी लागते, आणि भायखळा, माझगाव, शिवडीत आज जी माणसं बागेविना राहतात त्यांच्या वाटणीचं तर अजून धरलंच नाही. तेव्हा घरं की बाग असा प्रश्नच चुकीचा आहे, घरं मागितली की बाग त्याच कागदावर मागावी लागते.

---

विरार_फास्ट_७_४२

ताई तुमचा हिशोब मान्य, पण मला जरा राग आलाय आणि तो लिहिणार आहे.

माझा जन्म लालबागचा. घर गेलं, आता विरारला राहतो आणि कामाला फोर्टात. रोज जाऊन येऊन साडेतीन-चार तास. माझी मुलगी झोपलेली असताना निघतो आणि झोपल्यावर घरी पोचतो, गेल्या आठवड्यात तिने मला फोनवर विचारलं की बाबा तू कुठे राहतोस. ज्या रुळावरून मी उभ्याने जातो त्याच शहरात डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन अशी स्टेशनं आहेत जिथून सीएसएमटी दहा-पंधरा मिनिटांवर आहे, आणि स्टेशनाच्या बाहेर पडलं की रिकामी गोदामं. तिथे घरं बांधायची नाहीत तर कुठे बांधायची? अजून पुढे, पालघरला?

मोकळी जागा पाहिजे, फ्लेमिंगो पाहिजेत, सगळं पाहिजे, पण मी असं बघितलंय की हे सगळं आधी मागणाऱ्याकडे बहुतेक वेळा स्वतःचं घर असतं आणि ते शहरात असतं. ज्याच्याकडे नाही तो सभेला येऊच शकत नाही, कारण तो त्या वेळी गाडीत असतो. तुम्ही बैठकीत ठराव कराल त्यात माझ्यासारखा कोणीच नसेल. म्हणून प्रश्न विचारणाऱ्या दादाला माझी हात जोडून विनंती, घरांना नाही म्हणू नका. तुमच्या गल्लीच्या पलीकडे पण माणसं आहेत जी या शहरासाठी राबतात.

---

रेखांकन

तुमचा राग अगदी योग्य आहे आणि मुलीचं वाचून मला खरंच वाईट वाटलं. मी घरांना नाही म्हणतच नाहीये. पण तुम्ही ज्या घराचं स्वप्न बघताय ते घर नुसतं 'रहिवासी क्षेत्र' असं नकाशावर लिहिल्याने तयार होत नाही. समुद्र दिसतो, अटल सेतू दारात उतरतो, फ्रीवे शेजारून जातो, अशा जमिनीवर बाजारभावाने जे घर होईल ते तुम्हाला आणि मला परवडेल का? ते घेणारा तिथे राहील की नाही हेसुद्धा सांगता येत नाही. मग शहरात चाळीस हजार घरं वाढली आणि तुमची ७:४२ ची लोकल तशीच राहिली, असं होईल.

म्हणून मागणी अशी करा की रहिवासी वापर द्या, पण घरं सार्वजनिक मालकीची, भाड्याची, आणि शहरात काम करणाऱ्यांना. नर्स, बेस्टचे लोक, गोदीत अजून जे काम करतात ते, दुकानातली मुलं. जमीन सरकारच्याच हातात असल्यामुळे हे इथे जमू शकतं, दुसरीकडे जमिनीच्या किमतीपायीच गाडी अडते.

---

करीरोडचा_चाळकरी

मूळ प्रश्नातली आत्या आमच्याच बाजूची दिसतेय, तिला नमस्कार सांगा.

गिरण्यांचं नेमकं काय झालं ते सांगतो, कारण लोक नुसतं "गिरण्या गेल्या" म्हणतात आणि गेल्या कशा ते सांगत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तो संप कागदावर कधी मागे घेतलाच नाही, पण गिरण्या संपल्या. १९९१ मध्ये नियम आला, विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ नंबरचा. गिरणीची जमीन विकसित करायची तर तीन वाटे, एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. सगळ्या मिळून गिरण्यांची जमीन साधारण ६०० एकर, म्हणजे त्यातली ४०० एकर लोकांची. कसलं चांगलं वाटतं ऐकायला.

मग २००१ मध्ये त्याच नियमात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते सगळ्या जमिनीचे नाहीत, फक्त जी आधीपासून मोकळी आहे तिचे. आता मला सांगा गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळी शेडांनी भरलेली. एका वाक्यात ४०० एकरांचे तुकडे झाले. लोक कोर्टात गेले, २००५ ला हायकोर्टात जिंकले, आणि मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती वैध ठरवली. संपलं. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ ला, तीस वर्षांनी, माझ्या वडिलांच्या खात्यातले निम्मे लोक तोपर्यंत गेलेले होते.

आणि जे बांधलं त्याच्यासाठी रस्ते, पूल, स्टेशन काहीच वाढवलं नाही. हजारो माणसांची ऑफिसं आली आणि जिना तोच, गिरणीच्या काळातला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. सकाळची वेळ होती, पाऊस होता. मी त्या जिन्यावरून वीस मिनिटं आधी गेलो होतो. त्या दिवसापासून कोणी मला सांगितलं की इथे अमुक हजार घरं होणार, तर मी आधी विचारतो जिना कुठे आहे.

दादा, माझं सांगणं एकच आहे. नियमात लिहिलेल्या अटीवर विसंबू नका. ज्यांनी नियम लिहिला तेच दुरुस्ती करतात, आणि दुरुस्ती होते तेव्हा तुमची माझी बैठक नसते. अट जमिनीच्या कराराला बांधून घ्या.

---

रेखांकन

करीरोडकरांनी जे लिहिलं त्याच्यापुढे माझा हिशोब काहीच नाही. आणि शेवटचं वाक्य तर सोन्याचं. ते जरा उलगडून सांगते.

नकाशावरचा रंग बदलणं सोपं असतं, एक सूचना, थोड्या हरकती, एक सुनावणी, झालं. पण जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असेल आणि त्या पट्ट्यातच लिहिलं असेल की इथे भाड्याचीच घरं राहतील, किनाऱ्याचा रस्ता सगळ्यांना चोवीस तास उघडा राहील, ते मोडलं तर जमीन परत, तर मग ते मोडायला करार मोडावा लागतो, आणि करार सगळ्यांना दिसतो. बंदराच्या जमिनी वर्षानुवर्षं भाडेपट्ट्यानेच दिल्या गेल्यात. तुमच्या भागातल्या जुन्या पट्टेदारांच्या भाडेवाढीची भांडणं थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, २००४ मध्ये निकाल लागला. पट्टा ही किती ताकदीची गोष्ट आहे ते जुन्या पट्टेदारांना विचारा.

तेव्हाचे केंद्रीय जहाजवाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ही जमीन बिल्डरांना देणार नाही असं जाहीर सांगितलं होतं. ते शब्द बैठकीत जरूर आठवा, पण त्यांच्यावर थांबू नका, तेच लेखी पट्ट्यात मागा.

अजून एक, माती. रे रोडजवळच्या दारुखाना भागात इतकी वर्षं जहाजं तोडली गेली, तेल सांडलं, रंग, धातू, ॲस्बेस्टॉस सगळं त्या जमिनीत उतरलंय. तिथे घर बांधायच्या आधी माती तपासायला हवी आणि तो अहवाल मराठीतून लोकांपुढे ठेवायला हवा. आणि तेलाच्या टाक्या कुठे आहेत, पाइपलाइन कुठून जातात ते बघून मगच घरांची जागा ठरवा. चेंबूरजवळ माहुलला प्रकल्पग्रस्तांना रिफायनरीच्या शेजारी नेऊन ठेवलं, माणसं आजारी पडली, शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की त्यांना दुसरीकडे राहायला महिना १५,००० रुपये भाडं द्या. घर मिळालं की प्रश्न सुटला असं नसतं, ते घर कशाच्या शेजारी आहे हे पण बघावं लागतं.

---

गोदीवाल्याचा_पोरगा

ताई टाक्यांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजोबांनी १४ एप्रिल १९४४ चा स्फोट स्वतः बघितला होता, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज उडालं तेव्हा. ते सांगायचे की आधी कापसाला आग लागली होती आणि दुपारी आकाश काळं झालं, लोखंडाचे तुकडे लांब लांब जाऊन पडले. ते गेले तोपर्यंत मोठा आवाज झाला की दाराबाहेर जाऊन गोदीच्या दिशेला बघायचे. बंदराच्या शेजारी राहणं म्हणजे काय हे आमच्या घराला माहीत आहे, तरी टाकीचा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

---

नाखवा_धक्क्यावरचा

सगळे घरांचं बोलतायत, ठीक आहे, पण किनाऱ्यावर कामधंदा पण आहे तो कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

भाऊच्या धक्क्यावर पहाटे येऊन बघा. बोटी लागतात, मच्छी उतरते, लिलाव होतो, बर्फाच्या गाड्या, डिझेल, टोपल्या घेऊन बायका, आणि सकाळी तुम्ही दादरला की परळला जे पापलेट घेता ते इथून आलेलं असतं. त्याच धक्क्यावरून रेवस, मोऱ्याच्या लाँची, आणि २०२० पासून मांडव्याची रो-रो, गाड्याही नेणारी बोट. आता नकाशावर जिथे किनाऱ्याला फिरायला रस्ता, कॅफे, क्रूझ असं काढतात तिथे आमचं जाळं कुठे वाळणार? बोट दुरुस्तीला ओढायची कुठे? मच्छीचा वास येतो म्हणून नव्या टॉवरमधले लोक तक्रार करणार आणि दोन वर्षांत आम्हाला हलवणार, असं दुसऱ्या बंदरांवर झालेलं आम्ही ऐकतो.

शिवडीच्या चिखलाचं पण तेच. पोरं म्हणतात फ्लेमिंगो वाचवा, बरोबर आहे, ठाण्याच्या खाडीला २०१५ ला अभयारण्य केलं, २०२२ ला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, पण शिवडीचा चिखल त्या हद्दीच्या बाहेर राहिला. पक्षी ज्या चिखलात खातो त्याच चिखलात आमच्या बाया शिंपल्या, निवट्या काढतात. पाणी खराब झालं, भरणी झाली तर दोघं पण जाणार. म्हणून मागताना पक्षी आणि कोळी एकत्र मागा. मोकळी जागा म्हणजे फक्त बाग नसते, ओहोटीला उघडी पडणारी जमीन पण मोकळीच जागा आहे आणि ती आमच्या पोटाची आहे.

---

विरार_फास्ट_७_४२

नाखवादादा, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी गोदामं रिकामी म्हणालो पण धक्का रिकामा नाही, बरोबर. माझं म्हणणं एवढंच राहील की जी जागा खरंच पडून आहे, स्टेशनाच्या जवळची, तिथे घरं आणि किनाऱ्याला लागून तुमचं काम. रेल्वेपासून समुद्राकडे जाताना आधी घरं, मग मोकळी जागा, मग धक्का, असं का नाही होऊ शकत? आणि ताईंनी सांगितलेली भाड्याची घरं मला चालतील. मला मालक व्हायचं नाहीये, मला संध्याकाळी सातला घरी पोचायचंय.

---

दूरदेशी_माझगावकर

मी मूळचा माझगावचा, सध्या व्हँकुव्हरला. इथे फॉल्स क्रीक म्हणून खाडी आहे, आधी लाकडाच्या गिरण्या, रेल्वेचं यार्ड, सगळं घाण झालेलं, आपल्या दारुखाना-रे रोडसारखंच. तिच्या दोन काठांवर दोन वेगळे प्रयोग झाले, म्हणून लिहितोय.

दक्षिण काठ १९७० च्या दशकात शहराने स्वतः केला. जमीन बरीचशी शहराच्या मालकीचीच ठेवली, पट्ट्याने दिली, आणि ठरवलं की एक तृतीयांश कमी उत्पन्नाचे, एक तृतीयांश मधले, एक तृतीयांश जास्त उत्पन्नाचे लोक. सहकारी घरं आधी उभी राहिली, लोक राहायला आले. (एक तृतीयांश हा शब्द वाचून करीरोडकरांना काय वाटेल मला माहीत आहे, पण इथे तो पाळला गेला.) आता त्या पट्ट्यांची मुदत संपत येतेय म्हणून तिथले लोक चिंतेत आहेत, पुढे किती वर्षांचं नूतनीकरण मिळेल ते पट्ट्यात आधीच लिहिलेलं बरं, हे तुम्ही लक्षात ठेवा.

उत्तर काठावर १९८६ ला जागतिक प्रदर्शन भरलं, आणि १९८८ मध्ये ती सगळी जमीन एका मोठ्या विकासकाला विकली. मातीच्या सफाईचा भारही सरकारने आपल्या अंगावर घेतला. अट होती की पाचवा हिस्सा घरं गरिबांसाठी, त्याच्या जागा नकाशावर राखीव. पण बांधायचे पैसे सरकारने द्यायचे होते, आणि १९९३ नंतर कॅनडाच्या केंद्र सरकारने नव्या सामाजिक घरांना पैसे देणं बंद केलं. टॉवर झाले, बागा झाल्या, काठाचा रस्ता मात्र सुंदर आणि सगळ्यांना खुला आहे, मी रोज तिथून चालतो, पण त्या राखीव जागांपैकी बऱ्याच जागा दशकानुदशकं नुसत्या पडून राहिल्या, कुंपण घातलेल्या.

म्हणून माझ्याकडून एकच, क्रम. राखीव म्हणून सोडलेल्या जागेवर घर होईलच असं नाही. पुनर्वसनाची आणि भाड्याची घरं पहिल्या टप्प्यात, ती राहायला दिल्याचा दाखला आल्याशिवाय बाकीची एक वीट नाही, असं मागा.

---

करीरोडचा_चाळकरी

माझगावकर, बरोबर. आमच्याकडे क्रम उलटा झाला, मॉल आधी आणि कामगार तीस वर्षांनी.

---

बीडीडी_शिवडी

माझं छोटंसं. आम्ही शिवडीच्या बीडीडीत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी चाळीत राहतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, तिन्हीकडे पुनर्विकास सुरू झाला आणि आमच्या चाळी मागे राहिल्या, कारण आमच्या खालची जमीन पोर्ट ट्रस्टची. इमारत राज्याची, जमीन केंद्राखालच्या संस्थेची, आणि आम्ही दोघांच्या मधे. एकाच योजनेतल्या चार वसाहती, तिकडचे नातेवाईक नव्या घराचे फोटो पाठवतात आणि आई माझी शंभर वर्षं जुन्या जिन्यावरून पाण्याची कळशी नेते. तेव्हा दादाच्या भावाला मी दोष देणार नाही. आत संडास असलेलं घर मागणं हे लोभ नाही.

फक्त बैठकीत हे पण मागा की तुमच्याकडे जे राहतात त्यांची यादी आधी. कोण किती वर्षं, कोण भाडेकरू, कोणाचा पोटमाळा, कोणाचं दुकान. यादी दुसऱ्याने केली की निम्मी माणसं त्यात नसतात.

---

गोदीवाल्याचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं भावाला आणि आत्याला फोनवर वाचून दाखवलं. भाऊ बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला टॉवरला मी हो म्हणत होतो कारण दुसरं कोणी काही देईल असं वाटतच नव्हतं. आत्या एल्फिन्स्टनचं ऐकून रडली, तिच्या शेजारणीचा मुलगा त्यात होता.

रविवारी मी असं बोलणार आहे. घरांना हो. पण जमीन विकायची नाही, पट्ट्यानेच, आणि अटी पट्ट्यात, मुदत संपल्यावर पुढे काय ते पण त्यातच. आधी इथल्या लोकांची घरं आणि भाड्याची घरं, बाकीचं त्याच्यानंतर. जितकी माणसं वाढणार तितका जिना, नळ आणि मोकळी जागा त्याच टप्प्यात, आणि त्याची सही महापालिकेचीही. मातीचा अहवाल आणि टाक्यांपासूनचं अंतर मराठीत, चाळीच्या नोटीस बोर्डावर. धक्का आणि चिखल जिथे आहेत तिथेच. विरारवाल्या दादासाठी एक ओळ मी स्वतः घालणार आहे, की या घरांवर फक्त आमचाच हक्क नाही, शहरात राबणाऱ्यांचा पण आहे. याला आमच्याकडे विरोध होईल, मला माहीत आहे, तरी बोलणार.

यादीचं मात्र रविवारपर्यंत थांबत नाही. शनिवारी संध्याकाळी मी आणि कॉलेजची दोन पोरं वही घेऊन गल्लीतून फिरणार आहोत, घर नंबर एकपासून. कोणाला पट्टा, भाडेकरार यातलं कायद्याचं कळत असेल आणि एक तास देता येत असेल तर मला मेसेज करा.

---

नाखवा_धक्क्यावरचा

वही घेऊन धक्क्यावर पण या दादा. आमची नावं कुठल्याच घर नंबरावर सापडणार नाहीत, बोटीच्या नंबरावर सापडतील. पहाटे चारला या, लिलाव सुरू झाला की कोणी बोलणार नाही तुमच्याशी.